प्रागच्या एका विषाची कहाणी

एका उथळ बशींत पोषक द्रव घालून त्यांत उंदराच्या गर्भापासून काढलेल्या पेशी वाढविल्या होत्या. या पेशींना ना विशेष रूप, ना विशेष काम. शरीराचे भाग एकमेकांस धरून ठेवणाऱ्या सामान्य पेशींच्या जातीच्या त्या. त्यांच्यावर एका विषारी औषधाचा थोडा वेळ प्रयोग करावा आणि ज्या जगतील त्यांचें पुढें काय होतें तें पाहावें, एवढाच हेतु होता. औषध काढून घेतल्यावर कित्येक दिवस बशींत पाहण्याजोगें कांहींच घडलें नाहीं. मग हळूहळू कांहीं पेशी एकमेकींत मिसळून त्यांचे लांबट दोर झाले, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ते दोर आपोआप आचके देऊं लागले. तो स्नायु होता. ज्या बशींत स्नायूची एकहि पेशी कोणीं टाकली नव्हती, तिच्यांत स्नायु उपजून आकुंचन पावत होता.

हा वृत्तान्त कॉन्स्टँटिनीडीस, जोन्स आणि गेव्हर्स या तिघांनीं १९७७ सालीं ‘नेचर’ या इंग्रजी साप्ताहिकांत प्रसिद्ध केला. यांपैकीं पीटर जोन्स यांचा मूळ शोध वेगळाच होता. कॅन्सरवर जीं औषधें देतात तींच कधीं काळीं निरोगी पेशींना कॅन्सरकडे वळवितात काय, हें ते तपासून पाहत होते. कॅन्सर शोधावयास निघालेल्या माणसाला स्नायु सांपडावा, हा प्रकार रानांत हरवलेली गाय शोधतांना गुप्तधन लागावें तसाच झाला. ज्या औषधानें हें घडविलें त्याचें नांव ५-आझासायटिडीन.

हें द्रव्य १९६४ सालीं प्राग शहरांत जन्मास आलें. चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीच्या सेंद्रिय रसायन व जीवरसायन संस्थेंत आलोइस पिस्काला आणि फ्रांटिशेक शोर्म यांनीं तें तयार केलें. पेशीच्या केंद्रांतील डी. एन. ए. हें द्रव्य चार घटकांच्या माळेचें बनलेलें असतें, आणि आनुवंशिक गुणांचा सारा मजकूर याच चार अक्षरांत लिहिलेला असतो, हें तोंवर जगजाहीर झालें होतें. प्रागच्या रसायनज्ञांनीं त्यांतील सायटोसिन या अक्षराची हुबेहूब नक्कल केली. फरक केला तो एवढाच कीं, त्याच्या कड्यांतील पांचव्या जागेचा कार्बन काढून तेथें नायट्रोजन बसविला. बाजारांत खोटें नाणें चालवावें तसा हा डाव होता. झपाट्यानें वाढणारी पेशी अक्षरें घाईघाईनें उचलते. तिच्या पदरांत हें खोटें अक्षर टाकलें म्हणजे तिचा लेख बिघडेल आणि ती मरेल, अशी त्यांची अटकळ. ती खरीहि ठरली. ल्युकेमिया अर्थात् रक्ताचा कॅन्सर झालेल्या उंदरांवर या द्रव्याचा गुण दिसून आला, आणि त्याच वर्षीं शोर्म, पिस्काला, चिहाक व वेसेली यांनीं कॅन्सररोधक औषध म्हणून त्याची घोषणा केली. याच संस्थेंत त्याच वर्षीं त्याचें एक जवळचें भावंडहि तयार झालें. पुढें तें डेसिटाबीन या नांवानें प्रसिद्ध झालें.

शोर्म हे तेव्हां मोठ्या अधिकारावर होते. १९६२ पासून ते अकादमीचे अध्यक्ष होते. ऑगस्ट १९६८ मध्यें सोव्हिएत रणगाडे प्रागच्या रस्त्यांवर आले, तेव्हां शोर्म यांनीं त्या आक्रमणाचा उघड निषेध केला, आणि त्याची किंमत म्हणून त्यांचीं अधिकारपदें गेलीं. १९८० सालीं त्यांचा मृत्यु झाला. आपण घडविलेलें विष खरोखर काय करतें याचा उलगडा छापून आला तो त्याच वर्षीं, हा योगायोग मनाला चटका लावणारा आहे.

मधल्या काळांत हें द्रव्य अमेरिकेंत पोंचलें होतें. तेथील अपजॉन कंपनीच्या संशोधकांना १९६६ च्या सुमारास तेंच द्रव्य एका सूक्ष्म जंतूच्या वाढींत तयार झालेलें आढळलें. माणसानें बुद्धीनें रचलेली वस्तु निसर्गाच्या कोठारांत आधींच तयार होती! १९७० नंतरच्या दशकांत ल्युकेमियाच्या रोग्यांना हें औषध भरपूर मात्रेंत देऊन पाहण्यांत आलें. कांहींना गुण आला. परंतु ओकाऱ्यांनीं रोगी बेजार होत, आणि हाडांच्या पोकळींतील मज्जा, जेथें रक्त तयार होतें, ती खचून जाई. मात्रा ठरविण्याची रीत सगळ्या विषारी औषधांची तीच होती : रोग्याला जेवढें सोसवेल तेवढें द्यावें. विष म्हणून जें जन्मलें त्याची परीक्षाहि विष म्हणूनच झाली.

आतां बशींतील स्नायूचें कोडें पाहावें. निव्वळ विषानें पेशी मरेल, किंवा तिच्या लेखांत चुका होतील. परंतु चुका या अंधपणें होतात. हजारों पेशींपैकीं एखादींत योगायोगानें कांहीं विचित्र घडणें वेगळें, आणि बशीभर जागोजाग अनेक पेशींनीं स्नायु बनणें वेगळें. शिवाय १९७९ सालीं शर्ली टेलर आणि जोन्स यांनीं दाखविलें कीं, त्याच पेशींतून या औषधानंतर मेदाच्या व कूर्चेच्या पेशीहि निर्माण होतात. स्नायु, मेद आणि कूर्चा, तिन्ही शरीराच्या नेहमींच्या घडणींतल्याच वस्तु. चुकांच्या पावसांतून इतक्या सुघड वस्तु पडत नाहींत. तेव्हां त्या घडविण्याचा मजकूर पेशींत आधींपासून होता, पण कशानें तरी झांकला गेला होता, असेंच मानणें भाग होतें.

हें झांकणें म्हणजे काय, हें समजण्यास आपल्याकडील जुन्या पोथ्यांचा दाखला फार सोयीचा आहे. पोथी लिहितांना एखादी ओळ वगळावयाची झाली, तर लेखक तिच्यावर पिवळा हरताळ फासत. अक्षरें खालीं जशीच्या तशी राहत. मात्र वाचणारा तीं वाचीत नसे. डी. एन. ए. मध्यें असाच एक हरताळ आहे. सायटोसिन या अक्षराच्या नेमक्या पांचव्या जागेवर एक कार्बन व तीन हायड्रोजन यांचा लहानसा गट येऊन चिकटतो. त्याला मेथिल गट म्हणतात. रोलिन हॉचकिस यांना १९४८ सालीं वासराच्या थायमस ग्रंथींतील डी. एन. ए. मध्यें असें मेथिलयुक्त सायटोसिन दिसलें होतें. पण पंचवीसएक वर्षें त्याचा अर्थ कोणाला उमगला नाहीं. जनुकाच्या आरंभीं हे गट दाट बसले म्हणजे तें जनुक वाचलें जात नाहीं, त्याचें कार्य प्रकट होत नाहीं, हें पुढें स्पष्ट झालें. यकृताची पेशी आणि डोळ्याची पेशी यांच्याजवळ पोथी एकच; कोणत्या पानांवर हरताळ आहे, एवढ्यावरून एकीचें यकृत होतें आणि दुसरीचा डोळा. हरताळ हें या भेदाचें एकमेव कारण नव्हे, परंतु मोठें कारण खचित आहे.

पोथीच्या दाखल्यानें आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. पेशीचे दोन भाग होतांना पोथीची नवी प्रत लिहिली जाते, आणि नव्या प्रतींतली अक्षरें कोरीं करकरीत असतात. त्यांवर हरताळ नसतो. मग यकृताच्या पेशीची लेक यकृताचीच कशी होते? लंडनचे रॉबिन हॉलिडे व त्यांचे सहकारी प्यू यांनीं, आणि कॅलिफोर्नियांतील आर्थर रिग्ज यांनीं स्वतंत्रपणें, १९७५ सालीं असें सुचविलें कीं, प्रत लिहिणाऱ्याच्या मागोमाग एक दुसरा कारकून फिरत असला पाहिजे. जुन्या ओळीवर जेथें हरताळ दिसेल, तेथें नव्या ओळीवर तो फासावयाचा, एवढेंच त्याचें काम. हा कारकून म्हणजे एक एन्झाइम होय. मराठींत एन्झाइमला विकर असें म्हणतात. दोन्ही निबंध तेव्हां निव्वळ तर्काचे होते; हातीं पुरावा जवळजवळ नव्हता. तरीहि हे तर्क इतके नेमके ठरले कीं, शास्त्राच्या इतिहासांत अशीं उदाहरणें थोडींच सांपडतील.

जोन्स आणि टेलर यांनीं लॉस एंजेलिस येथें या दोन धाग्यांची गांठ मारली. हरताळाची जागा पांचवी, आणि प्रागच्या खोट्या अक्षरांत बदल केलेला तोहि पांचव्याच जागीं! त्यांनीं सायटोसिनच्या निरनिराळ्या नकला जमविल्या. कांहींत पांचव्या जागीं फरक होता, तर कांहींत दुसरीकडे. सहाव्या जागीं नायट्रोजन असलेली नक्कल घेतली. ल्युकेमियावर सर्रास दिलें जाणारें सायटाराबीन घेतलें, ज्यांत फरक आहे तो जोडलेल्या साखरेंत. १९८० सालच्या त्यांच्या निबंधांतला निकाल अगदीं स्वच्छ आहे. पांचवी जागा बदललेल्या नकलांनीं स्नायु उपजविला आणि नव्या डी. एन. ए. वरचे मेथिल गटहि घटविले. इतर दोन द्रव्यांनीं यांपैकीं एकहि गोष्ट केली नाहीं. सायटाराबीन कांहीं कमी जहाल विष नव्हे. म्हणजे स्नायूचा संबंध विषारीपणाशीं नसून हरताळ निघण्याशीं होता. एका साध्या तुलनेनें सोळा वर्षांचा गैरसमज दूर झाला.

मात्र खोटें अक्षर थोडेसेंच मिसळलें तरी हरताळ फार मोठ्या प्रमाणांत नाहींसा होई, हें कसें? याचें उत्तर सँटी, गॅरेट आणि बार यांनीं १९८३ सालीं दिलें. विकर आपलें काम करतांना सायटोसिनला प्रथम स्वतः चिकटतें, मग पांचव्या जागीं मेथिल गट बसवितें, आणि तेथला हायड्रोजन निघून गेला म्हणजे त्याची स्वतःची सुटका होते. खोट्या अक्षरांत त्या जागीं नायट्रोजन; सोडून देण्यास हायड्रोजनच नाहीं. त्यामुळें विकर चिकटतें तें कायमचें. गुळाच्या ढेपेवर बसलेल्या माशीसारखी त्याची गत होते. एकेका खोट्या अक्षरावर एकेक कारकून असा अडकून पडला कीं थोड्याच वेळांत पेशींत काम करण्यास कारकूनच उरत नाहींत. प्रती मात्र निघतच राहतात, आणि दर पिढीस हरताळ विरळ होत जातो. बशींत स्नायु दिसावयास इतके दिवस कां लागले, तें यावरून कळतें : पेशी दुभंगल्याशिवाय हें औषध कांहींच करूं शकत नाहीं.

या शोधानें संशोधकांच्या हातीं एक किल्लीच आली. १९८१ सालीं मोहनदास, स्पार्क्स आणि शापिरो यांनीं स्त्रीच्या पेशींतील जें एक्स गुणसूत्र कायमचें मिटलेलें असतें, त्यावरील एक जनुक या औषधानें पुन्हां चालू करून दाखविलें. १९८७ सालीं सिॲटल येथें डेव्हिस, वाइनट्रॉब व लासर यांनीं त्या जुन्या बशींतील स्नायूचाच माग काढीत मायो-डी हें जनुक शोधून काढलें. तें एकटें जागें झालें तरी पेशीला स्नायूच्या वाटेस लावण्यास पुरतें.

परंतु माणसाच्या रोगाशीं या किल्लीचा संबंध प्रथम जडला तो रक्ताच्या एका वेगळ्याच विकारांत. गर्भांत असतांना बालकाच्या रक्तांत एक प्रकारचें हिमोग्लोबिन असतें. जन्माच्या सुमारास त्याचें जनुक मिटतें आणि मोठेपणीचें जनुक उघडतें. थॅलसेमिया व सिकल सेल या आजारांत हें मोठेपणीचें जनुक सदोष असतें. गर्भावस्थेंतलें निर्दोष जनुक तेथेंच निजलेलें आहे. तें जागें करतां येईल काय? १९८२ सालीं शिकागो येथें बबून जातीच्या वानरांवर, आणि त्याच वर्षीं थॅलसेमियाच्या एका रोग्यावर हा प्रयोग झाला. रोग्याला सात दिवस आझासायटिडीन देतांच गर्भावस्थेंतल्या हिमोग्लोबिनचें जनुक काम करूं लागलें, आणि त्याच्या भोंवतालचा हरताळहि उतरलेला आढळला.

येथें एक मजेदार वाद उपस्थित झाला. कांहीं वैद्यांचें म्हणणें असें कीं, हरताळाचा यांत संबंध नाहीं; विषानें मज्जेंतल्या वाढत्या पेशी मरतात, आणि त्यांची जागा घेण्यास ज्या कोंवळ्या पेशी पुढें येतात त्या बालपणाचें हिमोग्लोबिन घेऊनच येतात. हें ताडून पाहण्यासाठीं त्यांनीं हायड्रॉक्सियुरिया हें जुनें, स्वस्त औषध घेतलें. तें पेशींची वाढ रोखतें, पण मेथिल गटाचें विकर अडवीत नाहीं. १९८४ सालीं दिसून आलें कीं, गर्भावस्थेंतलें हिमोग्लोबिन त्यानेंहि वाढतें. वादाचा निकाल कांहीं लागो, रोग्यांच्या पदरांत एक औषध पडलें. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या २९९ प्रौढ रोग्यांच्या चांचणींत सिकल सेलच्या वेदनेचे झटके या औषधानें जवळजवळ निम्म्यावर आले. विदर्भांत आणि नंदुरबारकडील आदिवासी भागांत सिकल सेलचे जे रोगी आज हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या घेतात, त्यांच्या औषधाच्या इतिहासांत प्रागचें हें विष असें आडवाटेनें येऊन गेलें आहे.

खुद्द आझासायटिडीनचें नशीब मात्र या सुमारास पालटलें नाहीं. १९८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें त्याला परवानगी नाकारली. ल्युकेमियावर इतर औषधांहून अधिक गुण येतो असें सिद्ध झालें नव्हतें, आणि त्रास तर डोळ्यांसमोर होता. खात्यास बोल लावण्याचें कारण नाहीं. त्यापुढें जो पुरावा ठेवण्यांत आला तो भरपूर मात्रेचा, विषाच्या हिशेबाचा होता. ज्या द्रव्याचें खरें काम हरताळ पुसण्याचें, त्याच्याकडून हत्येचें काम करवून घेऊन मग तें हत्येंत कच्चें ठरविलें गेलें. प्रयोगशाळेला जी गोष्ट १९८० सालीं कळली ती रोग्याच्या खाटेपर्यंत पोंचण्यास आणखी चोवीस वर्षें लागलीं, आणि त्या वर्षांत जे रोगी गेले त्यांची गणती कोठेंच झालेली नाहीं.

न्यू यॉर्क येथील माउंट सायनाय रुग्णालयाचे लुइस सिल्व्हरमन आणि त्यांचे सहकारी यांनीं हें औषध टाकून दिलें नाहीं. त्यांनीं मात्रा बरीच उतरविली, आणि रोगहि वेगळा निवडला. मायलोडिस्प्लास्टिक या नांवाच्या विकारांत मज्जेंतल्या पेशी वाढतात खऱ्या, पण त्या पक्व होत नाहींत. रक्ताचा तुटवडा पडतो, रोग्याला वरचेवर दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें, आणि कित्येकांत त्याचें पर्यवसान ल्युकेमियांत होतें. बहुतेक रोगी वृद्ध. जहाल औषधें त्यांना सोसत नाहींत. तोंवर त्यांना रक्त देणें आणि जंतुसंसर्ग सांभाळणें याखेरीज फारसें कांहीं करतां येत नसे. अशा रोग्यांना शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम या हिशेबानें, सात दिवस कातडीखालीं टोंचून, दर अठ्ठावीस दिवसांनीं हें औषध देण्यांत आलें. १९१ रोग्यांच्या चांचणीचा निकाल २००२ सालीं प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ६० जणांत कमीअधिक सुधारणा झाली. केवळ आधाराच्या उपचारांवर ठेवलेल्यांत ती शेंकडा ५ होती. सुधारणा तात्काळ दिसत नसे. कित्येक फेऱ्या वाट पाहावी लागे. बशींतल्या स्नायूनेंहि वाट पाहावयास लावलीच होती.

मे २००४ मध्यें परवानगी मिळाली. जन्मानंतर चाळीस वर्षांनीं प्रागचें हें द्रव्य औषध म्हणून मान्य झालें, आणि मेथिल गटाच्या विकरास अडविणाऱ्या औषधांत तें पहिलें ठरलें. भावंड डेसिटाबीन यास २००६ सालीं मान्यता मिळाली. २००९ सालीं ३५८ रोग्यांच्या चांचणीनें आयुष्याचाहि हिशेब दिला : जुन्या पद्धतीच्या उपचारांत निम्मे रोगी १५ महिन्यांच्या आंत दगावले, तर आझासायटिडीन घेणाऱ्यांत ही मुदत साडेचोवीस महिन्यांवर गेली. साडेनऊ महिने ही मुदत निरोगी माणसाला लहान वाटेल. ज्याच्या घरीं असा रोगी आहे त्याला ती लहान वाटत नाहीं. रोग यानें समूळ जात नाहीं, आणि बहुतेकांत तो पुढें उलटतो, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

मात्र हें औषध रोग्याच्या शरीरांत नेमकें कोणतें पान उघडतें, याबद्दलची समजूत मधल्या काळांत बदलली. कॅन्सरची वाढ रोखणारीं जनुकें हरताळाखालीं दडपलेलीं असतात व तीं जागीं होतात, असा बराच काळ समज होता, आणि त्यांत तथ्यहि आहे. परंतु २०१५ सालीं टोरांटो आणि बाल्टिमोर येथील संशोधकांनीं एक नवल दाखविलें. माणसाच्या डी. एन. ए. मध्यें लक्षावधि वर्षांपूर्वीं शिरलेल्या विषाणूंचे अवशेष ठायीं ठायीं पडून आहेत. शरीरानें त्यांवर कायमचा हरताळ फासून ठेवला आहे. औषधानें तो निघाला कीं, ते अवशेष वाचले जाऊं लागतात. कॅन्सरच्या पेशीला आपल्यावर विषाणूचा हल्ला झाल्याचा भास होतो, ती धोक्याचा इशारा देते, आणि शरीराच्या संरक्षक पेशींचें लक्ष तिच्याकडे वळतें. पुराणवस्तूंच्या ढिगाऱ्यांतून जुन्या शत्रूचें निशाण वर यावें आणि तेवढ्यानें पहारेकरी जागे व्हावेत, असा हा प्रकार आहे. यांतला कितपत भाग रोग्याच्या बरें वाटण्यास कारण होतो, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाहीं.

सप्टेंबर २०२० मध्यें या औषधाच्या गोळीस अमेरिकेंत मान्यता मिळाली. तीव्र ल्युकेमिया जहाल औषधांनीं आटोक्यांत आल्यावर पुढचे कडक उपचार ज्यांना पुरे करतां येत नाहींत, अशांनीं ती घरच्या घरीं घ्यावयाची आहे. अठ्ठावीस दिवसांतून चौदा दिवस, रोज एक. १९७० नंतरच्या रोग्यांना छळणारी ओकारी तिनें अजून सोडलेली नाहीं. म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांत गोळीच्या अर्धा तास आधीं ओकारी थांबविणारी दुसरी गोळी घ्यावी, असें सांगण्यांत येतें.